तडकलेल्या पितळी पुंगळ्यांची साक्ष

अंबेजोगाई म्हटली म्हणजे संशोधकांस मुकुंदराजांची समाधि व दासोपंतांची पासोडी आठवते. बीड जिल्ह्यांतील याच गांवास निजामी अमदानींत मोमिनाबाद म्हणत आणि तेथें हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती, याचें स्मरण क्वचितच होतें. १८५३ च्या तहान्वयें नव्यानें रचलेली ही फौज १९०३ सालीं हिंदी सैन्यांत विलीन झाली. त्या काळच्या छावण्यांतील काडतुसांच्या पितळी पुंगळ्या संग्राहकांच्या हातीं येतात, तेव्हां कांहींच्या तोंडाशीं उभे तडे गेलेले आढळतात. हे तडे हिणकस धातूचें लक्षण मानण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

पितळेस अमरकोशांत रीति व आरकूट हे शब्द आहेत. रसरत्नसमुच्चयांत तापवून कांजींत टाकल्यावर ताम्रवर्ण होणारी ती रीतिका व काळी पडणारी ती काकतुंडी, असा भेद सांगितला आहे. परंतु तापवून बुडविण्याचा परिणाम सर्व धातूंवर सारखा नव्हे. पोलादास असें पाणी दिलें म्हणजे तें कठीण होतें. पितळ तापविलें म्हणजे नरम होतें, मग तें पाण्यांत बुडवा कीं हवेंत निवूं द्या. पितळ कठीण होतें तें ठोकल्यानें व ओढल्यानें. म्हणूनच तांबट भांडें घडवितांना तें पुनः पुनः तापवितो.

पुंगळीच्या पितळेंत शेंकडा सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. चकतीपासून पेला व पेल्यापासून नळी ओढतांना मधून मधून ताव द्यावा लागतो. शेवटीं बूड कठीण ठेवून केवळ तोंड नरम करितात. कारण बुडास स्फोटाचा दाब सोसावयाचा असतो, तर तोंडानें न फुटतां गोळी धरावयाची असते. उडालेली पुंगळी पुन्हा भरण्यासाठीं दाबून पूर्वमापावर आणली कीं तोंड पुन्हा कठीण होतें. म्हणून कांहीं वेळां असें भरल्यावर तेथें पुन्हा ताव देतात.

ब्रिटिश फौजेचीं हिंदुस्थानांतील तबेल्यांत ठेविलेलीं काडतुसें पावसाळ्यांत न उडतांच तडकत. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं याचा उलगडा केला. ओढकामाचा ताण धातूंत कोंडून राहतो. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया दमट हवेंत त्यावर क्रिया करितो, व धातु तडकतो. सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडचा मंद ताव दिल्यास काठिण्य फारसें न जातां तो ताण पुष्कळसा निवतो.

तेव्हां मोमिनाबादेसारख्या घोडदळाच्या ठाण्यांतील पुंगळीवर तडा दिसल्यास तो राहून गेलेल्या ताणाची व तबेल्याच्या हवेची साक्ष असूं शकतो. ती उडाली कीं नाहीं याचा निर्णय बुडाच्या टोपीवरील ठोक्यावरून करावा, तड्यावरून नव्हे. तोंडाशीं निळसर छटा असल्यास घासून काढूं नये; ती तावाची खूण असूं शकेल. भरलेल्या काडतुसास उष्णता कदापि लावूं नये. आणि जुनीं पितळी उपकरणें गोठ्याशेजारच्या ओलसर खोलींत ठेवूं नयेत; नाहींतर जी साक्ष आपण जपूं म्हणतों, तींत आपणच भर घालूं.