बाप्तिस्मा : पाणी, शब्द आणि करार

मराठी बायबलच्या दोन भागांना ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी नावे आहेत. करार म्हटले की आपल्यासमोर मुद्रांकाचा कागद, अटी आणि साक्षीदारांच्या सह्या उभ्या राहतात. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र हा शब्द देव आणि माणूस यांच्यातील नात्यासाठी योजला जातो. या नात्यात प्रवेश केल्याची दृश्य खूण म्हणजे बाप्तिस्मा. व्यवहारातील करार दोन पक्षांच्या वाटाघाटीतून ठरतो. येथे पुढाकार देवाचा असतो आणि माणूस त्याला प्रतिसाद देतो, हा मूलभूत फरक आहे.

खुणांची परंपरा

बायबलमधील प्रमुख करारांना एखादी खूण जोडलेली दिसते. जलप्रलयानंतर नोहाशी झालेल्या कराराची खूण इंद्रधनुष्य होते. अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण सुंता होती आणि ती बालकाच्या आठव्या दिवशी करावयाची होती. सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे नियमशास्त्र मिळाले. पुढे यिर्मया संदेष्ट्याने दगडी पाट्यांऐवजी अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराचे भाकीत केले. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी हा करार आपल्या रक्ताने प्रस्थापित होत असल्याचे सांगितले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

‘बाप्तिस्मा’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ बुडवणे असा होतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या क्रियेचा अर्थ उलगडला आहे. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्तासह पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्यासह नव्या जीवनात उठणे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने हा संस्कार होतो आणि तो आयुष्यात एकदाच घ्यावयाचा असतो. माणूस वचनाला चुकला तरी देव आपले वचन मोडत नाही, ही त्यामागील धारणा. म्हणूनच विश्वासात परतलेल्यास बहुतेक मंडळ्या पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

बालक की प्रौढ?

मग बोलूही न शकणाऱ्या बालकाने करार कसा करावा? या प्रश्नावर चर्चमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन व प्रेस्बिटेरियन परंपरा बालकांना बाप्तिस्मा देतात. सुंतेप्रमाणेच ही खूणही विश्वासी कुटुंबातील अपत्यांसाठी आहे, असा विशेषतः प्रेस्बिटेरियन व तत्सम सुधारित मंडळ्यांचा युक्तिवाद असतो. बालकाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता वचन देतात. पुढे दृढीकरणाच्या वेळी ते मूल स्वतः त्या वचनाला दुजोरा देते. बॅप्टिस्ट व पेन्टेकोस्टल मंडळ्यांना मात्र जाणत्या वयातील स्वतःची कबुलीच आवश्यक वाटते.

या वादाने रक्तही सांडले आहे. १५२५ मध्ये झुरिच येथे काही जणांनी प्रौढ वयात नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्ट्स याला १५२७ च्या जानेवारीत तेथील लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. या कटू इतिहासाच्या पार्श्वभूमीवर नागपूरची एक घटना लक्षणीय ठरते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्यांबरोबर बॅप्टिस्टही होते. दोन्ही पद्धतींना मान्यता देऊन या चर्चने मार्ग काढला.

कराराची किंमत

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसाने त्यांना नवी मंडळी दिली, पण घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. कालांतराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी वाटचाल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये निर्मळपणे सांगितली आहे. एका व्यक्तीने केलेल्या करारात सबंध कुटुंबाची कशी ओढाताण होते, हे त्यावरून कळते.

विशेष म्हणजे, एवढी किंमत मोजलेल्या टिळकांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारताना बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. बाप्तिस्मा हे प्रवेशद्वार असले तरी दाराबाहेर उभ्या असलेल्या भक्ताला परके मानावे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद वहीत होते, साक्षीदारही असतात. करारनाम्याशी असलेले साम्य तेथेच संपते. कागदावरचा करार मुदतीनंतर संपुष्टात येतो. हा करार दररोजच्या वागण्यातून पाळावयाचा असतो.