मनगटावरच्या कॅलरीचं कूळ

1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हॉझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. भांडं दुपदरी होतं. बाहेरच्या पदरातला बर्फ खोलीची ऊब अडवायचा, त्यामुळे आतला बर्फ वितळायचा तो केवळ प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने. दहा तासांत साधारण 13 औंस बर्फाचं पाणी झालं. प्राणी श्वासावाटे जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितका निघेपर्यंत कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, तेही त्यांनी ताडून पाहिलं. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण बरेच जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा निष्कर्ष त्यातून पक्का झाला. आज घड्याळाच्या काचेवर चमकणाऱ्या कॅलरीच्या आकड्याचा मूळपुरुष हा.

या घराण्याची पुढची वाटचाल म्हणजे एक सौदा आहे. प्रत्येक पिढीने माणसाला थोडं अधिक मोकळं सोडलं आणि त्या मोबदल्यात प्रत्यक्ष मोजमापाचा एकेक तुकडा गमावला.

1890च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी माणूस मावेल असा उष्णतामापक बांधला. सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती बंदिस्त खोली. माणूस आत काही दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, स्थिर सायकल चालवायचा. त्याच्या अंगातून निघालेली उष्णता नळ्यांतून खेळणारं थंड पाणी वाहून नेई आणि त्या पाण्याचं तापमान किती वाढलं यावरून हिशेब होई. अन्नातून आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा जवळजवळ समान भरली. अचूकतेत या खोलीला तोड नव्हती. पण आतल्या माणसाला डोंगर चढायला सांगायची सोय नव्हती.

मग उष्णता सोडून श्वास मोजायचं ठरलं. शरीरात एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ऑक्सिजन कळला की ऊर्जा कळली. 1911मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लस यांनी पाठीवर बांधायची एक मोठी, हवाबंद पिशवी आणली. तोंडात झडपेची नळी, नाकाला चिमटा आणि उच्छ्वास थेट पिशवीत. पिशवीतल्या हवेचं पृथक्करण करून किती ऑक्सिजन खर्ची पडला ते काढायचं. माणूस खोलीतून बाहेर पडला, चालू लागला, पळू लागला.

याच पिशवीतून घराण्याची दुसरी शाखा फुटली, ती तंदुरुस्ती मोजण्याची. 1923च्या सुमारास ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी पाठीवर पिशवी बांधून धावणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजला. वेग वाढवत नेला की ऑक्सिजनचा वापरही वाढतो, पण एका टप्प्यावर तो थबकतो. त्यापुढे शरीराला अधिक ऑक्सिजन वापरता येत नाही. ही कमाल मर्यादा म्हणजेच आजची ‘व्हीओटू मॅक्स’. ती गाठायची तर माणसाला दमून कोलमडेपर्यंत पळवावं लागतं. स्टॉकहोममध्ये पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा राइमिंग यांनी 1954मध्ये त्यावर तोड काढली. ठरावीक श्रमाला नाडी किती पडते ते पाहायचं आणि आलेखावरून कमाल मर्यादा ताडायची. एकाच वेगाला ज्याची नाडी कमी पडते तो अधिक तंदुरुस्त, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. वेग आणि नाडी यांची सांगड घालून फिटनेसचा आकडा सांगणारं घड्याळ हाच तर्क वापरतं.

तिसरा पूर्वज यंत्र नव्हे, समीकरण आहे. बॉस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून आर्थर हॅरिस आणि फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी 1919मध्ये 136 पुरुष आणि 103 स्त्रियांच्या नोंदींचं गणित मांडलं. वजन, उंची, वय आणि लिंग सांगा, विश्रांतीतला ऊर्जाखर्च समीकरण सांगेल. चाळीस वर्षांचा, 70 किलो वजनाचा, 170 सेंटिमीटर उंचीचा पुरुष असेल तर उत्तर येतं दिवसाला सुमारे 1,610 किलोकॅलरी. नवं घड्याळ बांधताना अ‍ॅप हीच चौकशी करतं ते याच जातीच्या समीकरणासाठी. अंथरुणातून उठण्याआधीच घड्याळ काही शे कॅलरी खर्ची टाकून बसलेलं असतं, त्याचं कारण हेच. मात्र पाश्चात्त्य नोंदींवर बेतलेली अशी समीकरणं उष्ण कटिबंधातल्या लोकांचा खर्च फुगवून सांगतात असं पुढे दिसून आलं. भारतीयांच्या ऊर्जेच्या गरजा ठरवताना आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय समीकरणांतून पाच टक्के कमी धरले होते, ते म्हणूनच.

उरलं होतं ते मनगट. 1937मध्ये सेंट लुईसच्या आल्रिक हर्ट्झमन यांनी त्वचेवर प्रकाश टाकून, परतलेल्या उजेडातल्या चढउतारांवरून रक्ताची भरती-ओहोटी टिपली होती. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा तेच करतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. 1982मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीच्या पट्ट्यावरून नाडीचा आकडा बिनतारी मनगटावर आणला. हालचाल टिपणारी तांदळाएवढी चिप 1990च्या दशकात स्वस्त झाली ती मोटारींतल्या एअरबॅगमुळे. हे सगळं एका डबीत आलं आणि सौदा पुरा झाला: माणूस पूर्ण मोकळा आणि ऊर्जेचं थेट मोजमाप शून्य. घड्याळ उष्णता मोजत नाही, ऑक्सिजनचा वापरही मोजत नाही. नाडी आणि हालचाल टिपतं, बाकी अनुमान.

अनुमान कुठे चुकतं ते यावरून कळतं. पाठीवरच्या पंधरा किलोंच्या सॅकचं ओझं हालचालीच्या चिपला जाणवत नाही. कणीक मळताना हात जोरात चालतो, पाय जागचे हलत नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा परीक्षेच्या धास्तीने नाडी वाढते, तेवढी ऊर्जा काही जळत नाही. 2017मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 60 स्वयंसेवकांवर सात उपकरणं तपासली. निकष होता श्वासाच्या पृथक्करणाचा, म्हणजे डग्लसच्या पिशवीच्या वंशजाचा. सातांपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर सांगितली. कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरण सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी.

तेव्हा ‘आज चारशे जाळल्या, आता दोन वडापाव चालतील’ हा हिशेब घड्याळाच्या भरवशावर करू नये. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने चालताना गेल्या महिन्यापेक्षा नाडी कमी पडते का, एवढं त्याला विचारावं. त्या उत्तराला बॉस्टनच्या सरासरीची गरज नाही. तुलना आपलीच आपल्याशी असते आणि नाडी तरी घड्याळ खरोखर मोजतं.