घरचा ताजा रस : सहा औंसांचा धडा

गेल्या हिवाळ्यात आर्वीकडचे एक काका तपासणीला आले. मधुमेह आठ वर्षांचा, गोळ्या नियमित, भात कमी केलेला, रोज सकाळी तासभर चालणे. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.१ वरून ८.६ वर गेलेली. चहा बिनसाखरेचा, दिवाळीचे गोडधोड कधीच संपलेले. शेवटी विचारले, "सकाळी फिरून आल्यावर काय घेता?"

"संत्र्याचा रस, डॉक्टरसाहेब. गाजर-बीट टाकून मोठा पेलाभर. घरचाच आहे, साखर तर चिमूटभर बी नाही टाकत."

रसाला आपण पथ्य का समजतो, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या वर्ध्याशी जोडलेला आहे. काकांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

रस औषध कसा झाला?

लांबच्या प्रवासावरचे खलाशी पूर्वी स्कर्व्हीने मरत. हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या सर्जनने बारा रुग्णांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला १७९५ उजाडले. त्यामागचे क जीवनसत्त्व विसाव्या शतकात सापडले. म्हणजे रसाची कीर्ती खरी आहे, पण ती ज्याला ताजे फळच मिळत नाही अशा माणसाला बरे केल्याची आहे.

आपल्याकडेही तसेच होते. माझ्या लहानपणी मुदतीच्या तापाच्या रुग्णाला मोसंबीचा रस चमच्याने पाजत. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना पिशवीत मोसंबी असे. निरोगी माणूस मात्र संत्रे सोलून, फोडी करून खाई.

वर्ध्यातले प्रयोग

१९३४ मध्ये गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने वर्ध्याला आले. त्याच वर्षअखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे मुख्य ठाणे मगनवाडी आणि सूत्रे जे. सी. कुमारप्पांच्या हाती. तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, सोयाबीन यांचा अभ्यास चाले. १९३५ मध्ये 'हरिजन' साप्ताहिकातून गांधीजींनी हिरवा पाला कच्चा खाण्याचा आग्रह धरला. त्याआधी १९२९ मध्ये साबरमतीला सगळेच अन्न न शिजवता खाण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. पोट बिघडल्यावर तो थांबवला आणि तेही लिहून जाहीर केले. ही सचोटी आम्हा डॉक्टरांनी घेण्यासारखी आहे.

पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी 'आरोग्याची किल्ली' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या आहाराची मापे आहेत: गाईचे दूध, सहा औंस धान्य, तीन औंस पालेभाजी, पाच औंस इतर भाज्या, एक औंस कच्ची भाजी. ताजी फळे आपल्या आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. या यादीत रस एकाच गोष्टीचा आहे. रोज दोन लिंबे पिळून भाजीवर किंवा पाण्यातून घ्यावीत, असे ते सांगतात. पेलाभर फळांच्या रसाचा त्या मापांत पत्ता नाही.

सहा औंस, वीस मिनिटे

त्याच स्थानबद्धतेत १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. वय ७३. नुसते पाणी आपल्याला पचत नाही, म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळीन, असे त्यांनी व्हाइसरॉयला आधीच कळवले होते. तरीही शक्यतो पाण्यावरच राहण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मळमळ इतकी वाढली की पाणीही पोटात ठरेना. नाडी क्षीण झाली, मूत्रपिंडे थकू लागली. सोबत डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर होते. याच सुशीलाबेनांनी पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. अखेर पाण्यात थोडा मोसंबीचा रस मिसळायला गांधीजी तयार झाले. उलट्या थांबल्या, पाणी पोटात राहू लागले.

मार्चच्या सुरुवातीला उपवास सुटला. कस्तुरबांनी दिलेल्या पेल्यात सहा औंस, म्हणजे साधारण १७० मिली, संत्र्याचा रस होता, तोही पाणी घालून. तो त्यांनी घोट घोट करत वीस मिनिटे घेतला.

यामागचे शास्त्र आज नीट कळते. दीर्घ उपाशी शरीराला एकदम पोटभर अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या भुकेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून सुरुवात थोड्याने आणि हळूहळू करायची. तिथे रस हे मोजून दिलेले औषध होते.

मग बिघडले कुठे?

१९६० च्या दशकात आपल्याकडे देशी मिक्सर आले, नंतर ज्यूसर. पूर्वी एक पेला रस म्हणजे बराच वेळ सोलणे, पिळणे, गाळणे. आता दोन मिनिटांत काम होते. आजाऱ्याचे औषध निरोगी माणसाच्या रोजच्या सवयीत आले. माप मात्र मागेच राहिले.

हिशेब करा. २०० मिली संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात आणि त्यात सोळा-सतरा ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. चार संत्री खायला पंधरा मिनिटे लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यालाच पोट 'पुरे' म्हणते. रस अर्ध्या मिनिटात संपतो. चोथा गाळण्यात गेल्यामुळे साखर रक्तात लवकर पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रसातली नैसर्गिक साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८७,३८२ अमेरिकी लोकांच्या अभ्यासात अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंद, ब्लूबेरी, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी, तर रस जास्त पिणाऱ्यांत अधिक आढळला.

घरी रस काढणारच असाल तर

- लवकीचा (दुधीचा) रस काढण्याआधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर लवकी फेकून द्या. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. कडू लवकीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसे दगावली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनेही हाच इशारा दिला आहे.
- फळे-भाज्या चिरण्याआधी धुवा. रस गाळू नका, साठवू नका, लगेच प्या.
- पाव ते अर्धा पेला पुरे. उपाशीपोटी नको, जेवणासोबत चालेल.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस नको, पोटॅशियम वाढते. मुतखडा असेल तर पालक-बीटाचा रस टाळा.
- गोळ्या-इन्सुलिनवर असताना घाम, थरथर होऊन साखर ७० च्या खाली गेली, तर अर्धा पेला संत्र्याचा रस लगेच घ्या. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. इथे रस आजही औषधच आहे.
- दात नाहीत, गिळायला त्रास आहे, आजारातून उठला आहात? मग रस तुमच्यासाठीच आहे. प्रमाण तेवढे विचारून घ्या.

काकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मिक्सर विकून टाकू का?"

"नका विकू, चटणीला लागेल," मी म्हणालो. "संत्रे मात्र रोज एक खा. सोलून."

त्यांनी रस सोडला, बाकी काहीच बदलले नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ आली. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमचीही साखर कारण सापडत नसताना वाढत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना सकाळच्या पेल्याबद्दल जरूर सांगा. आम्ही बहुतेक वेळा जेवणाचेच विचारतो, पिण्याचे विचारायचे राहून जाते.