जुन्या गलबताचे वय

समुद्रावर उपजीविका करीत आलेल्या आपल्या ज्ञातीत जुन्या नौकेची एखादी तरी गोष्ट घरोघरी ऐकावयास मिळते. आमचे गलबत दोनशे वर्षांचे, आमचा मचवा पेशवाईतला, असे वडीलधारी मंडळी सांगतात आणि पुराव्यादाखल नाळेवर कोरलेला एखादा आकडा दाखवितात. हा अभिमान आम्हांसही आहे. तथापि ज्ञातीच्या इतिहासात ती गोष्ट नोंदवावयाची, तर तो आकडा कोणत्या कालगणनेचा व केव्हा घातलेला, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लाकडावर ‘१८०७’ एवढेच अंक आहेत असे समजू. ते इसवी सनाचे मानल्यास नौका दोनशे वर्षांपलीकडची ठरते. विक्रम संवत मानल्यास ती १७५०-५१ ची, म्हणजे पेशवाईतली होते. परंतु आपल्या कोकणात शालिवाहन शक लिहिण्याचा प्रघात. त्यात ७८ मिळविले की १८८५-८६ हे वर्ष येते. एकाच आकड्याने नौकेचे वय १३५ वर्षांनी मागेपुढे होते! अंकांजवळ संवत्सराचे नाव असेल तर शंका फिटते. ‘पार्थिव’ असे कोरलेले आढळले, तर शके १८०७ शी ते बरोबर जुळते. गुजराती लिपी असेल तर संवताचा विचार आधी करावा. कारण नौका कच्छ-काठेवाडकडून विकत घेतलेली असू शकते.

दुसरी खूण सरकारी नोंदणीची. १८३८ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी नौकांवर खुणा घालून त्यांची नोंद करण्याचे बंधन आले. पुढे १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने त्याची जागा घेतली; शिडाच्या नौकेवर तिचे नाव, नोंदणी-क्रमांक व बंदर ठळकपणे रंगविणे त्यात मालकावर सोपविले होते. ‘एम.एस.व्ही.’ ही अक्षरे यंत्र बसविलेल्या शिडाच्या नौकेची. मच्छीमार नौकेवर ‘आय.एन.डी.’ व ‘एम.एच.’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो २००८ नंतरच्या वर्षांतला समजावा. या खुणा नोंदीचा काळ सांगतात. नौका त्याहून पुष्कळ जुनी असू शकते. रंगाच्या वरच्या थराखाली पूर्वीचा क्रमांक दडलेला असतो, म्हणून खरवडण्यापूर्वी नीट पाहावे.

तिसरी साक्ष लाकडाची. नौकेच्या फळ्या वारंवार बदलल्या जातात, डोलकाठी मोडते, सुकाणू नवे येते. पठाण, म्हणजे तळाचा कणा, मात्र सहसा बदलत नाही. कारण तो बदलावयाचा तर नौकाच उकलावी लागते. यास्तव नव्या फळीवरील सनापेक्षा पठाणावरील अक्षरांस अधिक मोल द्यावे. मागील बाजूस यंत्राच्या दांड्यासाठी पाडलेले भोक दिसले, तर ते मूळचे की मागाहून पाडलेले, हेही तपासावे.

यासंबंधी मुंबईच्या गोदीतील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८०० साली ‘कॉर्नवॉलिस’ हे लढाऊ जहाज बांधले. गोऱ्यांच्या तिरस्काराला उत्तर म्हणून, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले अशा आशयाचा मजकूर सनासह त्यांनी तळाच्या आतील तुळईवर गुपचूप कोरला. पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीस आले, तेव्हा त्यांनी तो दाखविला, असे सांगतात. कारागिराने आपली साक्ष ठेवण्यास जहाजाचा सर्वांत टिकाऊ भाग निवडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडील जुनी गलबते आज खाडीच्या चिखलात कुजत आहेत, किंवा जळणाच्या भावाने जात आहेत. ज्ञातिबांधवांस आमची विनंती अशी की, नौका मोडण्यापूर्वी तिची लांबी-रुंदी मोजावी, प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्यावे, कोरीव अक्षरांवर कागद ठेवून ठसा काढावा आणि घरातील जुने दाखले जपून ठेवावे. त्यातून वय शंभर वर्षांनी कमी ठरले, तरी वाईट वाटून घेऊ नये. शके १८०७ च्या गलबतावर ज्यांनी उधाणाला तोंड दिले, ते आपले पणजे-खापरपणजे होते. त्यांची आठवण खऱ्या सालासह पुढील पिढीच्या हाती पडावी, एवढीच इच्छा.