विसरल्याची तक्रार आणि तिची पारख

उतारवयातला माणूस 'हल्ली काही लक्षात राहत नाही' असे स्वतःहून सांगतो, तेव्हा त्या सांगण्याला किती वजन द्यायचे, याचा पद्धतशीर विचार फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हाताऱ्या माणसांचे विसरणे बहुधा वयाच्याच खात्यावर मांडले जाई. वेडाची स्पष्ट लक्षणे दिसली, तर मनोरुग्णालय. तोवर तक्रार घरातच राही.

तक्रारीकडे वैद्यकाच्या नजरेने नीट पाहणाऱ्यांत व्ही. ए. क्राल यांचे नाव आधी घ्यावे लागते. प्रागचे हे मनोविकारतज्ज्ञ तेरेझीनच्या नाझी छावणीतून जिवंत बाहेर पडले आणि पुढे माँट्रियलला स्थायिक झाले. तेथल्या वृद्धाश्रमातील रहिवाशांच्या निरीक्षणावरून १९६२ मध्ये त्यांनी विसरण्याचे सौम्य आणि घातक असे दोन प्रकार मांडले. सौम्य प्रकारात लग्नाला गेल्याचे आठवते, पण नवऱ्या मुलाचे नाव आठवत नाही आणि ते दुसऱ्या दिवशी आपसूक ओठावर येते. घातक प्रकारात लग्नाला गेल्याचेच पुसले जाते. पहिल्या प्रकारातल्या माणसाला आपली उणीव कळते. तो आडवळणाने बोलून वेळ मारून नेतो किंवा माफी मागतो. दुसऱ्याला ती कळतच नाही. यावरून एक सोयीस्कर समजूत रूढ झाली : जो तक्रार करतो तो बरा आहे. क्राल यांचे म्हणणे याहून बरेच सावध होते.

या समजुतीला १९७५ मध्ये आकड्यांचा आधार मिळाला. रॉबर्ट कान आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या तक्रारी आणि स्मृतिचाचण्यांतील गुण शेजारी ठेवून पाहिले. दोहोंचा मेळ फारसा बसेना. तक्रारींचा मेळ बसला तो नैराश्याशी. खिन्न माणसे आपल्या स्मृतीला नावे ठेवत; मेंदूच्या आजाराने खरोखर विसरणारी काही माणसे मात्र आपले ठीक चालले आहे असे सांगत. पुढे वृद्धांमधील नैराश्य मोजण्यासाठी जेरोम येसावेज यांच्या गटाने ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. तिच्यात इतरांपेक्षा स्मृतीचा त्रास अधिक वाटतो का, हा प्रश्नही होता आणि 'हो' म्हणणाऱ्याच्या नावावर नैराश्याचा एक गुण चढत असे. म्हणजे तक्रार आणि नैराश्य यांचा संबंध काही अंशी मोजपट्टीतच विणलेला होता.

१९८० चे दशक प्रश्नावल्यांचे. १९८२ मध्ये ऑक्सफर्डच्या डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी रोजच्या चुकांविषयीचे २५ प्रश्न प्रसिद्ध केले. गिलेव्स्की, झेलिन्स्की आणि शाय यांच्या प्रश्नावलीत तर ६४ प्रश्न होते. परंतु अशा प्रत्येक साधनात एक मूलभूत अडचण होती. गेल्या महिन्यात किती वेळा विसरलात, याचे उत्तर देण्यासाठी त्या विसरण्याची आठवण शिल्लक हवी. ज्याची स्मृती सर्वांत दुबळी, त्याच्या हिशेबात चुका सर्वांत कमी भरण्याचा धोका होता. अॅलन सदरलंड, जॉन हॅरिस आणि अॅलन बॅडली यांनी १९८३ मध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तेव्हा रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा नातेवाइकांची उत्तरे चाचण्यांशी अधिक जुळली.

नातेवाइकाला विचारण्याची वाट त्याआधीच पडली होती. न्यूकॅसलच्या ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये घरच्यांकडून मिळालेली माहिती मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतील बदलांशी ताडून पाहिली होती. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये २६ प्रश्नांची जी यादी दिली, तिची खुबी तुलनेत होती : हा माणूस १० वर्षांपूर्वी जसा होता, त्याहून आज कसा आहे? लेखी चाचणीत कमी शिकलेला माणूस उगाच मागे पडतो; इथे त्याची तुलना त्याच्याशीच होते. दोष याही पद्धतीत आहेत. सांगणारी सून किंवा मुलगा स्वतः थकलेला, चिंतेने ग्रासलेला असला, तर वडीलधाऱ्यांची अवस्था आहे त्याहून वाईट सांगितली जाते.

भारतात शिक्षणाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हताच. हरयाणातील बल्लभगड येथे भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला, तेव्हा बरेचसे वृद्ध निरक्षर होते. बौद्धिक क्षमता तपासणारी १९७५ ची ३० गुणांची फोल्स्टाइन चाचणी तिथे जशीच्या तशी निरुपयोगी ठरली असती. म्हणून लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न बदलून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. जोडीला, रोजचे व्यवहार कसे चालतात हे घरच्यांना विचारण्याची प्रश्नावलीही आली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी सुरू केली. तिच्यात स्मृतीच्या चाचण्यांबरोबर स्वतःची स्मृती कशी वाटते, हेही विचारले गेले.

दरम्यान, तक्रार करणारा बरा असतो ही मूळ समजूत उलटू लागली होती. कान यांच्यासारख्या अभ्यासांत तक्रार आणि गुण एकाच काळातले होते. माणसांना वर्षानुवर्षे परत भेटून पाहिल्यावर चित्र बदलले. अॅम्स्टरडॅमच्या अभ्यासात (१९९९) चाचणीत चांगले गुण असूनही स्मृतीविषयी तक्रार करणाऱ्या वृद्धांना पुढे अल्झायमर होण्याचा संभव अधिक आढळला. कारण उघड आहे. चाचणी माणसाला त्याच्या वयाच्या इतरांशी ताडते, तर तक्रार करणारा स्वतःला स्वतःच्या कालशी ताडतो. तल्लख स्मृतीचा हिशेबनीस थोडा घसरला, तरी गुणांत तो सरासरीच्या वरच राहतो. घसरण फक्त त्यालाच जाणवते. १९७५ चा निष्कर्ष खोटा नव्हता, पण त्यावरून तक्रार निरर्थक ठरवणे घाईचे होते.

१९९९ मध्ये रोनाल्ड पीटरसन यांनी सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे निकष मांडले. त्यांत स्मृतीची तक्रार होती आणि शक्यतो दुसऱ्या कोणी तिला दुजोरा द्यावा, अशी अपेक्षाही. २०१४ मध्ये जर्मनीचे फ्रँक येसन आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय गट एक पाऊल पुढे गेला : चाचण्या निर्दोष असल्या तरी माणसाला जाणवणारा ऱ्हास ही अवस्था स्वतंत्रपणे अभ्यासावी. कोणती तक्रार गांभीर्याने घ्यायची, याच्या खुणाही त्यांनी दिल्या. घसरण गेल्या ५ वर्षांतली असावी, ६० नंतर सुरू झालेली असावी, समवयस्कांपेक्षा आपण मागे पडतो असे वाटावे आणि तिची काळजी वाटावी. काळजी ही एकेकाळी नैराश्याची खूण म्हणून बाजूला सारलेली गोष्ट. तिला इथे उलटे महत्त्व आले. तरी घाबरून जावे असे प्रमाण नाही. २०१४ च्याच एका एकत्रित विश्लेषणानुसार, तक्रार करणाऱ्यांपैकी वर्षाकाठी सुमारे २.३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होतो. तक्रार नसणाऱ्यांत हे प्रमाण साधारण १ टक्का आहे.

साधनांचा गोंधळ मात्र मिटला नाही. लॉरा रेबिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९ अभ्यास चाळले, तेव्हा ३४ प्रश्नावल्या आणि ६४० प्रश्न सापडले. त्यांतल्या बहुतेक प्रश्नावल्या एकेकाच अभ्यासात वापरल्या गेल्या होत्या. त्यामुळे एका शहरातला आकडा दुसऱ्या शहरातल्या आकड्याशेजारी ठेवणे अवघड होते. दवाखान्यात प्रश्नावलीच्या पुढे जाऊन झोप, श्रवण, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि चालू औषधे तपासली जातात, नैराश्याची चौकशी होते, घरच्यांशी वेगळे बोलणे होते आणि काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली जाते.