घराची हकिकत आणि नगरशासनाचे दप्तर : नया नगर (मिरा रोड) संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शहराच्या इतिहासलेखनात इमारती, रस्ते, योजना आणि लोकसंख्या यांना ठरलेले स्थान आहे. रहिवासी आपल्या घरात कोठून आला, का आला आणि मागे काय सोडून आला, ही हकिकत मात्र नगरशासनाच्या दप्तरात क्वचितच उतरते. जेथे ती उतरली तेथे कोणत्या निमित्ताने उतरली, याचा विचार प्रस्तुत लेखात मिरा रोड येथील नया नगर या वस्तीच्या अनुषंगाने केला आहे.

नया नगर : वस्तीची जडणघडण

पश्चिम रेल्वेच्या मिरा रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या या वस्तीची उभारणी सय्यद नजर हुसेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. त्या काळी हा परिसर ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होता. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत जवळजवळ तिपटीने झालेल्या या वाढीचे स्पष्टीकरण सामान्यतः मुंबईतील जागांचे भाव, लोकलची सोय आणि तुलनेने स्वस्त सदनिका या कारणांनी दिले जाते. ते चुकीचे नाही. पण नया नगरच्या बाबतीत ते पुरेसेही नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर अनेक मुस्लीम कुटुंबांनी संमिश्र वस्त्यांतील घरे सोडली व त्यांतील बरीच मिरा रोडला आली. अर्थात सर्वांनाच भीतीने येथे आणले, असे सरसकट विधान करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. दंगलीपूर्वीच येथे घर घेतलेली कुटुंबे होती. कुटुंब वाढले म्हणून आलेली होती. अन्यत्र भाड्याने जागा नाकारली गेली म्हणून आलेलीही होती. एकाच जिन्यावरील दोन शेजाऱ्यांची कारणे भिन्न असू शकतात. मालमत्ता कराच्या नोंदवहीत मात्र दोघांच्या नावापुढे क्षेत्रफळ आणि आकारणी एवढेच दिसते.

या स्थलांतराची नोंद अन्यत्र तरी सापडावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. दंगलींच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २५ जानेवारी १९९३ रोजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये तो बरखास्त झाला, मे १९९६ मध्ये पुन्हा नेमला गेला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. अहवालाचा दुसरा खंड पोलीस ठाण्यांनुसार रचलेला आहे. त्यामुळे कोणत्या हद्दीत काय घडले हे त्यातून कळते. हद्द ओलांडून गेलेले कुटुंब पुढे कोठे स्थिरावले, हा त्या चौकशीचा विषयच नव्हता. शिवाय मिरा रोड ठाणे जिल्ह्यात, म्हणजे मुंबईच्या सीमेबाहेर.

मोजणी, फोटोपास आणि सुनावणी

रहिवाशाची हकिकत शासनापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे मुंबईच्याच इतिहासात आहेत. ४ जानेवारी १९७६ रोजी झोपड्यांची गणना झाली, झोपड्यांना क्रमांक आणि रहिवाशांना ओळखपत्रे मिळाली. ‘फोटोपास’ हा शब्द घरोघरी रुळला तो अशा गणनांमुळे. या गणनेने एकच प्रश्न विचारला : अमुक दिवशी तुम्ही येथे होता काय? पुढे १ जानेवारी १९९५ सारख्या तारखांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

जुलै १९८१ मध्ये पदपथांवरील निवारे पाडण्याची मोहीम सुरू झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्याच्या १० जुलै १९८५ च्या निकालपत्रात एका अर्जदाराची हकिकत नोंदलेली आहे. तो सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे काम गेले म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला. मिरा रोडच्या अलीकडे असलेल्या दहिसरला एका रासायनिक कंपनीत २३ रुपये रोजावर राबला. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पदपथावरील प्लास्टिक-कॅनव्हासच्या निवाऱ्यासाठी त्याच्याकडून झोपडपट्टीदादाने २,५०० रुपये उकळले. निवारा पाडून कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिल्यावर तो एकटा परत आला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. चार-सहा वाक्यांची ही हकिकत त्या काळातील गृहनिर्माणविषयक अनेक अहवालांहून अधिक बोलकी आहे. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट मानला व हटविण्यापूर्वी सामान्यतः सूचना द्यावी असे सांगितले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पर्यायी जागेचे संरक्षण १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांपुरते राहिले. हकिकत ऐकली गेली. निर्णय तारखेने झाला.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या ई विभागात पदपथवासीयांची पाहणी केली. सुमारे ६,००० कुटुंबे, २७,००० माणसे. अहवालाच्या ‘वी, द इनव्हिजिबल’ या शीर्षकाचा अर्थ ‘आम्ही, न दिसणारे’ असा होतो. येथे मोजणीबरोबर माणसे कोठून आणि का आली हेही विचारले गेले, आणि ते कोणावरही नोटीस बजावण्यासाठी विचारलेले नव्हते. या पाहणीचे वेगळेपण नेमके यात आहे.

नोटिशीआधीची नोंद

जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात हिंसाचार झाला आणि त्यानंतर महानगरपालिकेने दुकानांसह काही बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील पाडकामांसाठी निर्देश दिले : किमान १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिगत सुनावणी आणि सुनावणीचे लेखी इतिवृत्त. रस्ता, पदपथ आदी सार्वजनिक जागांवरील बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. १९८५ चा अर्जदार पदपथावरच राहत होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

इतिवृत्त लिहिणे ही मोठी सुधारणा आहे. परंतु नोटिशीला उत्तर म्हणून दिलेली हकिकत ही बचावाची हकिकत असते. जे कामी येईल तेच माणूस सांगतो. विकास आराखड्यावरील हरकती-सूचनांचीही हीच गत : १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने नागरिकाला बोलण्याची संधी दिली, पण ऐकले जाते ते भूखंड आणि आरक्षण यांविषयी.

नया नगरसारख्या वस्तीत कागदांची उणीव नाही. सदनिकेचा करारनामा आहे, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र आहे. त्याआधीचे घर पागडीच्या खोलीचे असेल, तर तेथे कागद संपतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली पागडी घेणे गुन्हा होता. भाडेकरूने जागा सोडताना मोबदला घेण्यास १९९९ च्या कायद्याने मान्यता दिली आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे १९९३ मध्ये एखाद्या कुटुंबाने आपली खोली किती रकमेला, किती घाईत आणि कोणाला दिली, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची सोयच नव्हती. ही रक्कम आज केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी पस्तिशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत, आणि महानगरपालिकेच्या कोणत्याही अर्जात त्यासाठी रकाना नाही.