आम्ही त्यांच्यापैकीच!

शिंदे आडनावाच्या माणसाला महाराष्ट्राबाहेर एक प्रश्न हमखास विचारला जातो आणि महाराष्ट्रात तो कुणीही विचारत नाही. ‘ग्वाल्हेरच्या शिंद्यांपैकी का?’ महाराष्ट्रात कोण विचारणार? इथे दगड मारला तर तो शिंद्याला लागतो, आणि न लागला तर मारणारा तरी शिंदे असतो. शाळेत आमच्या एका वर्गात आम्ही पाच शिंदे होतो. मास्तरांनी आम्हांला इंग्लंडच्या राजांसारखे क्रमांक घातले होते. मी शिंदे तिसरा. शिंदे पहिला हा वर्गात शेवटून पहिला होता, ही गोष्ट वेगळी.

पण आमच्या आण्णांना हे गर्दीतलं शिंदेपण मान्य नव्हतं. आण्णा पोस्टात कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले. पण घरी आले, टोपी खुंटीला अडकवली, की ते सातारा जिल्ह्यातले शिंदे होत. ‘आपण त्यांच्यापैकीच,’ ते म्हणायचे. पुरावा विचारला की माळ्यावरच्या तलवारीकडे बोट दाखवायचे. तिला मूठ नव्हती. ती फक्त उन्हाळ्यात, शेवग्याच्या शेंगा पाडायला खाली उतरे. आई म्हणायची, ‘महादजीच्या वंशजांनी आधी दूध आणावं, मग दिल्ली घ्यावी.’ आण्णा निमूटपणे किटली घेऊन बाहेर पडायचे. दिल्ली तशीच राहायची.

दुसरा पुरावा हेळव्याचा. आमच्या गावी दोनतीन वर्षांनी बैलावर बसून हेळवी यायचा आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचा. पायलीभर ज्वारी दिली की हेळवी राणोजी शिंद्यांपर्यंत सहज पोचे. दोन पायल्या दिल्या तर सूर्यवंशापर्यंत जाई. आण्णांना परवडेल तेवढ्यात म्हणजे राणोजीपर्यंत आम्ही दर खेपेला जाऊन येत होतो.

आता राणोजींबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे. ग्वाल्हेरकर शिंदे मूळचे कण्हेरखेडचे. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. घराणं तिथल्या पाटीलकीचं. राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट सर जॉन माल्कम या साहेबानं आपल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात (साल १८२३) लिहून ठेवली आहे. राणोजींकडे पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचं काम होतं. एकदा पेशवे शाहूमहाराजांच्या भेटीहून बाहेर येतात तो काय, राणोजी गाढ झोपलेले, पण जोडे छातीशी घट्ट धरलेले! झोपेतही नोकरी सोडत नाही म्हणून बाजीराव खूश झाले आणि राणोजींचं नशीब उघडलं. (पोस्टात झोपलेल्या माणसावर साहेब खूश झाल्याचं उदाहरण आण्णांच्या पाहण्यात नव्हतं. त्यांचा या गोष्टीवर राग असण्याचं हे एक कारण.)

दुसरं कारण जरा वजनाचं होतं. शाहूमहाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांची लग्नं झाली, त्यांतली एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची आणि दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. ‘ज्या घरातली मुलगी छत्रपतींच्या घरात जाते,’ आण्णा विचारायचे, ‘त्या घरातला मुलगा पेशव्यांचे जोडे उचलेल?’ मला विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच घराण्यात सुखानं नांदू शकतात. आमच्याच घरात एक मामा मामलेदार आणि दुसरे मामा त्याच कचेरीत शिपाई होते. कुळी मोठी आणि हातात काही नाही, ही अवस्था मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये.

पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे. १७३०च्या दशकात राणोजींनी माळव्यात बस्तान बसवलं, उज्जैन हे ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पडलेलं महाकालेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. राणोजींचे मुलगे एकेक करून रणात पडले. जयाप्पा १७५५ साली नागोरला दग्यानं मारले गेले. दत्ताजी १७६० च्या संक्रांतीच्या सुमारास बुराडी घाटावर पडले. त्यांचं तिथलं शेवटचं बोलणं आमच्या वर्गातल्या पाचही शिंद्यांना पाठ होतं आणि गणिताच्या पेपराला जाताना आम्ही ते एकमेकांना म्हणून दाखवत असू. पुढच्याच वर्षी पानिपतानंतर जयाप्पांचा मुलगा जनकोजीही गेला. महादजी तेवढे वाचले, तेही पायानं कायमचे अधू होऊन. त्यांना रणांगणातून काढलं राणेखान नावाच्या एका भिश्तीनं. महादजींनी त्या भिश्त्याला भाऊ मानलं आणि सरदार केलं.

याच महादजींना दिल्लीच्या बादशहानं १७८४ साली ‘वकील-इ-मुतलक’ केलं, म्हणजे बादशाहीचं मुखत्यारपत्रच दिलं. ते मात्र स्वतःला पाटील म्हणवत राहिले. १७९२ मध्ये पुण्याला आले, तेव्हा मानकऱ्यांच्या खालच्या बाजूला उभे राहिले आणि काखेतून सवाई माधवरावांसाठी जोडे काढले, ‘आमचा वडिलोपार्जित धंदा हाच,’ असं म्हणाले, असंही माल्कमसाहेब सांगतो. आण्णा यावर म्हणत, ‘राजकारण होतं ते!’ असेलही. पण असलं राजकारण करायला आधी दिल्ली हातात असावी लागते. किटली हातात असताना ते जमत नाही.

एका गोष्टीनं मात्र आण्णांना मनापासून हळहळ वाटे. महादजींनंतर दौलतराव आले ते भावाचे नातू. दौलतरावांना मुलगा नाही, तेव्हा १८२७ साली जनकोजीराव दत्तक. त्यांनाही मूल नाही, तेव्हा १८४३ साली जयाजीराव दत्तक. ‘लागोपाठ मुलं शोधावी लागली,’ आण्णा म्हणायचे, ‘पण एकदाही कुणी आपल्या वाड्याकडे फिरकलं नाही!’ आमचा वाडा म्हणजे दोन खोल्या आणि एक गोठा. दत्तक शोधायला आलेल्या स्वारांना तो दिसला नसावा.

आता शिंद्यांचा सिंधिया कसा झाला? याच्यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली असेल, पण माझा आपला एक साधा तर्क आहे. आपण नाव सांगताना ‘शिंदे’ म्हणतो, पण बोलताना म्हणतो ‘शिंद्यांची फौज’, ‘शिंद्यांचा वकील’, ‘शिंद्यांनी दिल्ली घेतली’. दिल्लीच्या अखबारनवीसांच्या आणि कलकत्त्याच्या साहेबांच्या कानावर पडला तो हा ‘शिंद्या’. मराठी व्याकरणातलं सामान्यरूप बाकी कुणाला कळलं नाही, पण त्याची राजघराण्यात भरती झाली. मग साहेबानं आपल्या सवयीनं स्पेलिंगात एक सी घुसडला. तो नुसता शोभेचा, उच्चारात त्याचं काही काम नाही. साहेब त्या काळी सिंध प्रांताच्या नावातही हाच सी घालत असे. १८५२ साली निघालेल्या ‘सिंध डाक’च्या प्रसिद्ध तिकिटाचं नाव आजही त्या सीसकटच लिहितात. आण्णांना ही पोस्टातली माहिती मी दिली तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते.

नावाच्या मुळाबद्दलही मतं आहेत. बाराव्या शतकात आजच्या कर्नाटकात, बागलकोट-यलबुर्गा भागात, सिंद नावाचे मांडलिक राजे होते. ते स्वतःला नागवंशी म्हणवत. शिंदे त्यांचेच वंशज असं काही जण मानतात, आणि ग्वाल्हेरच्या राजचिन्हावर नाग आहेतच. शिंदीच्या झाडाशी नातं जोडणारेही काही जण आहेत. आमच्या घरात हा विषय काढायची बंदी होती.

१९८४ साली मला कचेरीच्या कामासाठी ग्वाल्हेरला जावं लागलं. आण्णांनी निघताना माझ्या हातावर दही घातलं आणि ‘ओळख द्यायला लाजू नकोस’ असं बजावलं. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं विचारलं, ‘साहब, कहाँ?’ मी ऐकलं ‘कौन?’ आणि छाती फुगवून म्हणालो, ‘शिंदे!’ तो म्हणाला, ‘शिंदे की छावनी? बैठिए, तीन रुपये.’ त्या गावात शिंदे ही व्यक्ती नसून वस्ती आहे, हे मला तेव्हा कळलं. गंमत पाहा, राजवाड्यात सगळे सिंधिया, आणि आपलं मूळचं शुद्ध ‘शिंदे’ शिल्लक राहिलं ते छावणीच्या नावात, टांगेवाल्यांच्या तोंडी. ज्या भागात मी उतरलो त्याचं नावच लष्कर. दौलतरावांनी १८१० साली तिथे फौजेचा तळ टाकला, तो उठलाच नाही.

लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टरात माझं नाव वाचलं, मान वर करून पाहिलं, आणि एक जादा उशी पाठवली. दुसऱ्या दिवशी जयविलास राजवाडा पाहिला. १८७४ सालचा हा वाडा. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, पाहुण्यांना ब्रँडी आणि सिगार पोचवते. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. आमच्या घरात जेवताना मीठसुद्धा कधी आपण होऊन आलेलं नाही. लॉज सोडताना मॅनेजरनं माझ्या आडनावाला साजेशा बक्षिसाची अपेक्षा केली. त्या उशीचे पाच रुपये पडले.

आडनाव असं पसरतं, आणि कुठे कुठे! काशीला सिंधिया घाट आहे. तो बांधला दौलतरावांच्या बायजाबाईंनी, म्हणजे कागलच्या घाटग्यांच्या लेकीनं. घाट इतका जड झाला की खचला, आणि शेजारचं महादेवाचं देऊळ कलून आजही अर्धं पाण्यात उभं आहे. पुढे हे आडनाव समुद्रावरही गेलं. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात एक मोठी आगबोट घेतली आणि तिचं इस्पितळ करून दिलं. तिचं नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ती विकत घेतली, ‘सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. साहेबाशी निष्ठा म्हणून नाव ठेवलेल्या बोटीनं साहेबाच्याच बोटकंपन्यांशी भांडण मांडलं! तो दिवस आजही देशात नौकानयन दिन म्हणून पाळतात. कंपनीनं १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. कारखाना पुढे सरकारी झाला, कंपनीची जहाजं गेली, पण त्या भागाला लोक अजून ‘सिंधिया’ म्हणतात. कण्हेरखेडपासून समुद्र किती लांब, आणि तेलुगू बसकंडक्टर दिवसातून किती वेळा आमच्या नावानं ओरडतो!

इकडे घरच्या शिंद्यांनीही काही कमी केलं नाही. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना धारेवर धरणाऱ्या ताराबाई बुलढाण्याच्या शिंदे. अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य वेचणारे विठ्ठल रामजी जमखंडीचे शिंदे. यांना कुणी ‘ग्वाल्हेरचे का’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. आईला ताराबाई आमच्या नात्यातल्या असाव्यात असं वाटे. पुरावा म्हणून ती स्वतःकडे बोट दाखवायची.

आई १९८६ च्या पावसाळ्यात गेली. आण्णांचे गुडघे धरलेले, म्हणून अस्थी घेऊन मी एकटाच नाशिकला गेलो. रामकुंडावरचं सगळं आटोपल्यावर गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आतून एक लांबलचक नामावळ आणली. आमचं गाव त्यात होतं. आमचे शिंदेही होते. पणजोबांचे आजोबा आपल्या आईच्या अस्थी घेऊन याच घाटावर आले होते. मोडीतल्या त्या चार ओळी गुरुजींनी बोट ठेवून वाचल्या. नाव, गाव, बरोबरच्या माणसांची नावं, आणि शेवटी: ‘शिंदे सरकारचे पागेत मोतद्दार.’

मोतद्दार म्हणजे घोड्याला खरारा करणारा.

गुरुजींनी त्याच्याखाली आईचं नाव लिहिलं, मला सही करायला सांगितली. मी केली. पेन दौतीतून काढताना माझ्या मनात आई नव्हती, आण्णा होते. अख्खी बायको गेली, आणि आता मी जाऊन त्यांचा राणोजीही नेणार होतो. परतीच्या एस.टी.त मी तीनदा ठरवलं की काही सांगायचं नाही, आणि चौथ्यांदा सातारा आलं.

घरी आण्णा अंधारात बसले होते. किटली कोपऱ्यात पालथी होती. त्यांनी विधींबद्दल एकेक विचारलं. मग म्हणाले, ‘नामावळीत आपलं काय आहे?’ आता चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसापासून लिहिलेली गोष्ट लपवता येत नाही. मी सांगितलं.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

‘पागा कुणाची म्हणालास?’

‘शिंद्यांची.’

‘ग्वाल्हेरच्याच ना?’

‘हो.’

‘मग मी काय वेगळं सांगत होतो?’ आण्णा उठले, चाचपडत दिवा लावला. ‘त्यांच्या राणोजीनं जोडे सांभाळले, आपल्यानं घोडे. तुझी आई असती तर ऐकवलं असतं तिला.’ मग थोडं थांबून कोपऱ्याकडे बघत म्हणाले, ‘थांब, दूध आणतो. तू चहा घेतला नसशील.’